अनोळखी जगातली पहिली पन्नास पानं : सायफाय-फँटसीची मजा नेमकी कुठे असते?

अक्षरप्रवासी

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) एक छोटासा प्रसंग आहे. अराकिस या वाळवंटी ग्रहाचा ताबा नुकताच ड्यूक लेटोकडे आलाय. आपल्या माणसांना घेऊन तो बैठकीला बसलाय. तिथे स्टिलगार हा फ्रेमेन या तिथल्या वाळवंटी लोकांचा म्होरक्या येतो. थोडं बोलणं होतं, ड्यूकचं म्हणणं त्याला पटतं, आणि तो वाकून समोरच्या चकचकीत टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं भडकून उठायला लागतात. तेवढ्यात डंकन आयडाहो, जो या लोकांमध्ये राहून आलाय, सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो. शरीरातलं पाणी भेट दिल्याबद्दल तो स्टिलगारचे आभार मानतो आणि स्वतःही त्याच टेबलावर थुंकतो.

या पानापर्यंत येईतो अराकिसवर पाणी दुर्मीळ आहे हे आपल्याला माहीत झालेलं असतं. घामाचा थेंबही वाया जाऊ न देणाऱ्या पोशाखांबद्दल आपण ऐकलेलं असतं. तरीही तो माणूस थुंकला की आपल्यालाही तो अपमानच वाटतो. पुढच्या चार ओळींत तो अपमान आपल्याच डोक्यात उलटा होतो. पाणी मौल्यवान आहे हे तोवर नुसतं ठाऊक होतं, इथे ते उमगतं. या प्रकारच्या कादंबऱ्यांचं मला जे वेड आहे ते या उलथापालथीचं आहे.

त्याच कादंबरीत पुढे मेजवानीचं प्रकरण येतं. दाराशी पाण्याची घंगाळं आणि टॉवेल ठेवलेले. प्रथा अशी की पाहुण्यांनी येताना हात बुडवायचे, पेला दोन पेले पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून तो त्याच डबक्यात टाकायचा. जेवणं झाली की बाहेर जमलेल्या भिकाऱ्यांना त्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी मिळणार. लेटोला हे कळतं तेव्हा तो संतापून प्रथा बंद करतो आणि मेजवानी चालू असताना दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. अराकिसवरच्या श्रीमंत-गरिबांवर हर्बर्टने दहा पानं खर्ची घातली असती तरी त्या ओल्या टॉवेलाइतकं काही सांगून झालं नसतं.

असं जग कुणी समजावून सांगत नाही, ते आपण जुळवत जायचं असतं. रॉबर्ट हाइनलाइनने 'बियाँड धिस होरायझन'मध्ये (१९४२) एक दार उघडल्याचं सांगताना असं क्रियापद वापरलं की ते दार डोळ्याच्या बाहुलीसारखं मधून मोठं होत उघडतं. एवढंच. त्याबद्दल कुणी आश्चर्य करत नाही, त्याचा शोध कुणी लावला हे कुणी सांगत नाही. वाचणाऱ्यानेच ओळखायचं की आपण आता भविष्यात आहोत आणि इथल्या लोकांना या दाराचं काही विशेष वाटत नाही. तीन शब्दांचं ते वाक्य आजही या लेखनप्रकाराचा नमुना म्हणून सांगितलं जातं, ते उगाच नाही.

म्हणून नवीन जगातली पहिली पन्नास पानं मला पुस्तकातली सगळ्यात आवडती पानं वाटतात. काही कळत नसतं, शब्द अनोळखी असतात, कोण कुणाचा शत्रू याचा पत्ता नसतो, आणि हळूहळू एकेक धागा हाताला लागत जातो. बऱ्याच जणांची तक्रार नेमकी याच पानांबद्दल असते हे मला माहीत आहे. त्यांच्याशीच बोलायचं आहे. ज्यांना ही मजा वेगळ्या ठिकाणी मिळते त्यांनीही लिहा. पुस्तकांची नावं बिनधास्त घ्या, फक्त शेवट फोडू नका.

कोरीपाटी

तक्रार करणाऱ्यांत मी पहिली. 'ड्यून' मी खरंच हौसेने हातात घेतलं होतं. पहिल्याच प्रकरणात इतके नवे शब्द आले की मागची शब्दसूची आणि पुढचं पान यांच्यात येरझाऱ्या घालून वाचनाची लयच गेली. वाचायची इच्छा आहे, पण अशा पुस्तकात शिरायचं कसं? सूची आधी वाचून घ्यायची का?

वेल्हाळ

सूची आधी वाचू नका, कळकळीने सांगते. सूची वाचली की शब्दाचा अर्थ कळतो आणि त्या शब्दापाशी पोचण्याचा प्रवास हातचा जातो. कादंबरी बऱ्या लेखकाची असेल तर महत्त्वाचा शब्द तो पुन्हा पुन्हा आणतोच, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आपोआप उलगडतो. जो परत येत नाही तो न कळून काही अडत नाही.

मूळ धाग्याला भरभरून अनुमोदन. मला अशा वेळी अर्सुला ल ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) आठवते. गेथेन हा ग्रह हिमयुगात आहे आणि तिथले लोक कायमचे बाई किंवा पुरुष नसतात. महिन्यातले काही दिवस ते यातलं काहीतरी एक होतात, आणि कोण काय होईल हे आधी ठरलेलं नसतं. या कल्पनेबद्दल सगळेच बोलतात. मला भारून टाकलं ते एका कडेच्या तपशिलाने. गेथेनवर पंख असलेला एकही प्राणी नाही. मोटारी आहेत, रेडिओ आहे, पण विमान नाही, कारण माणूस उडू शकेल असा विचारच तिथे कुणाच्या मनात आलेला नाही. त्यांच्या धर्मकथांतल्या देवदूतांनासुद्धा पंख नाहीत, ते बर्फासारखे अलगद खाली तरंगत येतात.

हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून विचार करत बसले. आपल्या पुराणांत गरुड आहे, पुष्पक आहे. पक्षीच नसते तर यातलं काय उरलं असतं? एक प्राणी वजा केला तर कल्पनाशक्तीचा केवढा भाग वजा होतो! ल ग्विनबाई ते दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातात.

ध्रुवमत्स्य

माझी मजा वहीपेन्सिलीची आहे, तीही इथे मांडतो.

आर्थर सी. क्लार्कच्या 'रांदेव्हू विथ रामा'मध्ये (१९७३) सूर्यमालेत एक प्रचंड नळकांडं येतं. आतून पोकळ, स्वतःभोवती फिरणारं, कुणी बांधलं ते माहीत नाही. आतला व्यास १६ किलोमीटर, एक फेरी चार मिनिटांत. एवढ्या माहितीवर आतल्या जमिनीवर माणसाला किती वजन जाणवेल ते शाळेतल्या सूत्राने काढता येतं. पृथ्वीवरच्या निम्म्याहून थोडं जास्त येतं. कादंबरीतले लोक नळकांड्याच्या अक्षापाशी आत शिरतात, तिथे वजन जवळजवळ नसतंच, आणि मग ते लांबलचक जिन्यांवरून उतरत जातात तसतसे जड होत जातात. मी आकडेमोड केली आणि क्लार्कसाहेबांनी बरोबर लिहिलंय हे कळल्यावर जो आनंद झाला तो मला दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाने दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट. रामाच्या मधोमध एक गोल समुद्र आहे, नळकांड्याच्या आतल्या भिंतीला पट्ट्यासारखा चिकटलेला. त्याचा उत्तरेकडचा काठ ५० मीटर उंच आहे आणि दक्षिणेकडचा ५०० मीटर. असं का? वाचताना थांबून विचार करा. हे यान आहे. त्याचा वेग वाढला तर पाणी एका बाजूला चढणार. म्हणजे बांधणाऱ्यांनी ती भिंत पाणी अडवायला बांधली आहे, आणि भिंतीच्या उंचीवरून यान जास्तीत जास्त किती जोरात वेग घेऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. बांधणारे एकदाही समोर येत नाहीत, तरी त्यांच्या भिंतीवरून त्यांचा हेतू वाचता येतो. अक्षरप्रवासी म्हणतात ते जुळवणं हेच असावं.

निरगाठ

मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे. 'रामा' मीही वाचली आहे. नळकांडं लख्ख आठवतं, पण यानाचा कप्तान नॉर्टन माणूस म्हणून कसा होता ते विचाराल तर मला दोन वाक्यं सांगता येणार नाहीत. आसिमोव्हच्या 'फाउंडेशन'चंही तेच. हजारो वर्षांच्या साम्राज्याचा ऱ्हास, इतिहासाचं गणित, सगळं भव्य. माणसं मात्र खोलीत बसून एकमेकांना युक्त्या समजावतात. कादंबरी मी माणसांसाठी वाचतो. ग्रहाचं गुरुत्वाकर्षण बिनचूक आहे म्हणून एखाद्या पात्रासाठी माझा जीव तुटत नाही.

अक्षरप्रवासी

निरगाठ, 'फाउंडेशन'बद्दल तुमचं बरंचसं मान्य. त्या मुळात १९४२ पासून मासिकात आलेल्या कथा आहेत, १९५१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, आणि त्यांचा नायक एक कल्पनाच आहे : एका माणसाचं भाकीत करता येत नाही, पण माणसांची संख्या पुरेशी मोठी असेल तर समूहाचं करता येतं. मात्र त्याच मालिकेत जेव्हा म्यूल येतो, म्हणजे या गणितात न बसणारा एकटा माणूस, तेव्हा पहिल्यांदा धास्ती वाटते. ती कल्पनेची धास्ती आहे हे खरं, पण वाटते ती आपल्या पोटात.

माणसांसाठी वाचायचं म्हणता तर वेल्हाळ यांनी सांगितलेलं 'लेफ्ट हँड' घ्या. गेन्ली आय हा दूत गेथेनवर येतो तेव्हा तिथल्या लोकांकडे तो सतत पुरुष किंवा बाई म्हणूनच बघत राहतो. त्याला दुसरं जमतच नाही. एस्त्राव्हेन हा तिथला बडा राजकारणी त्याला मदत करतोय, स्वतःचं पद आणि देश पणाला लावतोय, आणि गेन्लीला तो लबाड वाटतो. का? तर एस्त्राव्हेनच्या वागण्यातला बायकी वाटणारा भाग गेन्लीला खुपतो. पुढे दोघांना भर हिवाळ्यात हिमनदीवरून शेकडो मैल स्लेज ओढत जावं लागतं. रोजचं अन्न मोजून, एका तंबूत. त्या तंबूत एका रात्री गेन्लीला कळतं की आपण या माणसाला कधी पूर्ण पाहिलंच नव्हतं. मैत्रीवर मी बरंच वाचलंय. या प्रकरणांच्या तोडीचं फार थोडं सापडलं.

आता बघा, ही मैत्री दुसऱ्या कुठल्या कादंबरीत लिहिता आली असती? गेथेनच्या लोकांचं शरीर तसं नसतं तर गेन्लीचा पूर्वग्रह उघडा पडलाच नसता. त्या हिमयुगाशिवाय ती स्लेजही नव्हती. जगाचा नियम आणि माणसाचं मन एकाच गाठीत बांधलेलं आहे. सगळ्या पुस्तकांना हे साधत नाही, पण ज्यांना साधतं त्यांच्यासाठी बाकीची शंभर चाळायला मी तयार असतो.

वेल्हाळ

+१. आणि निरगाठ, जीव तुटायला पात्र माणूसच हवं असंही नाही. एड्रियन चायकोव्हस्कीची 'चिल्ड्रन ऑफ टाइम' (२०१५) वाचा. एका ग्रहावर माणसांचा प्रयोग फसतो आणि कोळी उत्क्रांत होत जातात. पिढ्यांमागून पिढ्या जातात, पण प्रत्येक पिढीत पोर्शिया, बियांका, फॅबियन ही नावं परत येतात, त्यामुळे वाचताना एकच कुटुंब डोळ्यांसमोर वाढतंय असं वाटतं. कोळ्यांच्या या समाजात सत्ता माद्यांची, नर म्हणजे क्षुल्लक, प्रियाराधनानंतर मादीने खाल्ला तरी कुणी हळहळत नाही. मग एका पिढीतला फॅबियन जगण्याचा हक्क मागतो. मला कोळ्यांची आधी किळस होती. त्या फॅबियनसाठी माझा जीव खरोखर वरखाली झाला.

शिवाय या कोळ्यांचं तंत्रज्ञान! धातूची आणि विस्तवाची वाट त्यांची नाहीच. ते मुंग्यांच्या वारुळांना रसायनांनी हुकूम देतात आणि अख्खं वारूळ गणकयंत्रासारखं वापरतात. कोळ्याच्या हाती जे आहे त्यातूनच सगळं निघालंय.

ध्रुवमत्स्य

'चिल्ड्रन ऑफ टाइम' यादीत टाकली. फँटसीवाल्यांना मात्र एक प्रश्न आहे. सायफायमध्ये लेखकाला भौतिकशास्त्र आवरतं. जादू म्हटली की काहीही होऊ शकतं. मग नायक संकटात सापडला तरी काळजी का वाटावी? कोणीतरी काठी आपटेल आणि प्रश्न सुटेल.

वेल्हाळ

काठी आपटून प्रश्न सुटत असेल तर ती फँटसी कच्ची. चांगल्या फँटसीत जादूला किंमत असते किंवा मर्यादा असते, आणि कधीकधी दोन्ही.

ब्रँडन सँडरसन याबद्दल फार स्पष्ट आहे. त्याचं म्हणणं असं, की जादूने पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला जितकी समजलेली असेल तितकाच लेखकाचा हक्क. 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) काही माणसं धातू गिळून पोटात 'जाळतात' आणि प्रत्येक धातूने वेगळी शक्ती मिळते. पोलाद जाळलं की आसपासच्या धातूला ढकलता येतं. आता नियम बघा : ढकललेली वस्तू तुमच्यापेक्षा हलकी असेल तर ती उडते, आणि ती कशाला घट्ट अडकलेली असेल तर तुम्ही मागे फेकले जाता. म्हणून ही माणसं खाली नाणं टाकतात, ते जमिनीला टेकलं की त्याला ढकलून स्वतः हवेत झेपावतात. ध्रुवमत्स्य, हा तुमचा न्यूटनचा तिसरा नियमच झाला की.

दुसरं टोक ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चं (१९६८). तिथे जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. ऐकायला सोपं वाटतं. पण समुद्रावर मंत्र घालायचा तर 'समुद्र' म्हणून भागत नाही, त्यातल्या प्रत्येक खाडीचं, प्रत्येक सामुद्रधुनीचं नाव यावं लागतं. एका मनोऱ्यात गुरू मुलांकडून नावांच्या याद्याच्या याद्या घोकून घेतो. आयुष्य पुरत नाही, म्हणून कोणताही जादूगार सर्वशक्तिमान होऊ शकत नाही. मर्यादा बाहेरून लादलेली नाही, ती त्या जादूच्या पोटातच आहे.

आणि टॉल्किन? गँडाल्फ हा जादूगार नेमकं काय करू शकतो हे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये कधीच नीट सांगितलेलं नाही. तरी चालतं, कारण कादंबरीचा मुख्य पेच गँडाल्फच्या जादूने सुटतच नाही. तो दोन थकलेल्या हॉबिट्सच्या, म्हणजे बुटक्या, साध्यासुध्या जमातीतल्या दोघांच्या पायांवर सोडलेला आहे.

ध्रुवमत्स्य

नाण्याचं उदाहरण पटलं, त्याबद्दल आभार. यात एन. के. जेमिसिनची भर घालतो. 'द फिफ्थ सीझन'मध्ये काही माणसं भूकंप थोपवू शकतात, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून तरी घ्यावी लागते. ती आसपासच्या हवेतून, जमिनीतून, जिवंत प्राण्यांतूनही ओढली जाते, आणि त्या माणसाभोवतीचं वर्तुळ गोठून पांढरं पडतं. ऊर्जेचा हिशेब लागतो! त्या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा ओळीने तीन वर्षं ह्यूगो हा सायफाय-फँटसीतला मानाचा पुरस्कार मिळाला, असं तोवर कुणाचंही झालं नव्हतं.

पण हिशेबाचं वेड असलेला मी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो : कधीकधी हिशेब नसलेलाच बरा असतो. 'द मार्शन'ची सुरुवात ज्या वादळाने होते ते मंगळावर तसं होऊच शकत नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तेवढ्या विरळ हवेत माणूस उडून जाणार नाही. अँडी विअरने स्वतःच हे मान्य केलंय, त्याला गोष्ट सुरू करायला वादळ हवं होतं. पुढची सगळी आकडेमोड इतकी प्रामाणिक आहे की मी ती सूट आनंदाने देतो. ऑक्टाव्हिया बटलरच्या 'किंड्रेड'मध्ये (१९७९) तर काहीच समजावलेलं नाही. १९७६ मधली काळी लेखिका डेना अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. यंत्र नाही, सिद्धांत नाही. आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हे कसं घडतं, कारण तिथे गेल्यावर डेनाला रोज काय सोसावं लागतं यापुढे तो प्रश्न क्षुल्लक आहे.

जुनी_पानं

उशिरा आले. चर्चा वाचताना सारखं वाटत होतं की जयंत नारळीकरांचं नाव कुणीतरी घेईल.

माझ्यासाठी हे दार त्यांनी उघडलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ओळखीचा फायदा नको म्हणून आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपलं नाव बाजूला ठेवून कथा तेवढी पुढे करणारा हा माणूस तेव्हा जगभर नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ होता, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

त्यांच्या कथांमध्ये माझी सगळ्यात लाडकी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपतची लढाई मराठे जिंकले आहेत. पंत काय करतात? ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहासाचे खंड काढून वाचायला लागतात, नेमकं कुठे फाटा फुटला ते शोधायला. सापडतं ते एवढंच : विश्वासरावांना लागलेली गोळी इथे चुकली, जेमतेम चुकली. एका गोळीच्या बोटभर अंतरावर अख्खा इतिहास दुसऱ्या रस्त्याला लागलेला. पानिपत आपल्याकडे जखमेसारखं जपलं जातं. त्या जखमेला हात घालून नारळीकर तिथे पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) प्रश्न विचारतात, आणि कथा वाचून झाली तरी तो डोक्यातून जात नाही.

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्नही याच घरातला. ज्यांना इंग्रजी कादंबऱ्यांचा आकार बघून धडकी भरते त्यांनी मराठी विज्ञानकथांपासून खुशाल सुरुवात करावी. लांबी कमी, पण मेंदूला तोच झटका.

अक्षरप्रवासी

जुनी_पानं, तुमचा प्रतिसाद वाचून मी कपाटापाशी गेलो आणि ती कथा पुन्हा वाचून आलो. पंतांचं ग्रंथालयात जाणं किती योग्य आहे! वाचणाऱ्या माणसाने अनोळखी जगात पोचल्यावर दुसरं काय करावं?

तुमच्यामुळे लिऊ त्सशिनची 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' आठवली. मूळ चिनी पुस्तक २००८ चं, इंग्रजीत २०१४ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये ह्यूगो मिळाला. त्यातही लेखकाच्या समाजाची एक जखम आहे, सांस्कृतिक क्रांतीची. भर सभेत एका भौतिकशास्त्रज्ञाला मरेपर्यंत मारलं जातं आणि त्याची मुलगी ते बघते. पुढे पृथ्वीच्या भवितव्याचा एक निर्णय तिच्या हातात येतो. परग्रहाची गोष्ट तर थक्क करणारी आहेच : तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेला ग्रह, कधी होरपळणार आणि कधी गोठणार याचा नेम नाही, म्हणून तिथले जीव अंगातलं पाणी काढून टाकून कातड्यासारखे गुंडाळून ठेवले जातात आणि चांगला काळ आला की पुन्हा भिजवले जातात. पण इतक्या दूरच्या ग्रहाची वाट त्या एका मुलीच्या डोळ्यांतून जाते. पळवाट म्हणून या पुस्तकांना नावं ठेवणाऱ्यांना मी हे पुस्तक देतो.

निरगाठ

एस्त्राव्हेनसाठी 'लेफ्ट हँड' मागवलं आहे, वाचून सांगतो. दुसरी अडचण मात्र राहतेच : मालिका. एक भाग आवडला की पुढचे दहा गळ्यात पडतात. आणि त्या पुऱ्या होतील याची खात्री कुठे असते? जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत.

अक्षरप्रवासी

मला अपुऱ्या मालिकेचं तितकं दुःख होत नाही. पाचव्या भागापर्यंत जे मिळालं ते मिळालंच, ते कुणी परत मागत नाही. पण तुमचा मुद्दा वाजवी आहे. 'व्हील ऑफ टाइम'चा लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, मालिका अर्धवट राहिली होती. मग सँडरसनने त्याच्या टिपणांवरून शेवटचे तीन भाग लिहिले आणि २०१३ मध्ये चौदावा भाग येऊन ती पुरी झाली. ज्या सँडरसनची जादू वर वेल्हाळ यांनी सांगितली तोच हा. स्वतः त्या मालिकेचा वाचक होता तो.

मालिका नको असेल तर एकांड्या कादंबऱ्या काही कमी नाहीत. 'किंड्रेड' एकच आहे. 'लेफ्ट हँड' त्याच विश्वातल्या इतर कादंबऱ्यांची नावं न ऐकता वाचता येतं. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डमध्ये ४१ कादंबऱ्या आहेत, पण बहुतेक कुठूनही उचलाव्यात. पहिल्यापासूनच सुरू करायचा हट्ट तिथे नको, त्याचा हात पुढच्या पुस्तकांत जास्त बसला आहे असं माझं मत.

कोरीपाटी

मी सगळं वाचतेय. वेल्हाळ यांचं सूचीबद्दलचं म्हणणं पटलं. पण 'ड्यून'ला परत जाण्याआधी काहीतरी लहान आणि एकच हवं आहे. जिथे हरवायला होईल, पण चारशे वर्षांचा इतिहास आणि सहा घराणी लक्षात ठेवावी लागणार नाहीत असं.

अक्षरप्रवासी

सुझाना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०). हे सुचवायची मी वाटच बघत होतो.

एक अफाट घर आहे, दालनांमागून दालनं, प्रत्येक दालनात पुतळे. खालच्या मजल्यांवर समुद्र आहे, वरच्या मजल्यांवर ढग. तिथे राहणारा माणूस रोजनिशी लिहितो आणि आपण तीच वाचतो. वर्षांना त्याने स्वतःच नावं दिली आहेत : नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस आला ते वर्ष, अशी. भरती कधी येणार याचं कोष्टक त्याच्याकडे आहे. मासे पकडतो, समुद्री शेवाळ वाळवतो, सापडलेल्या हाडांची श्रद्धेने काळजी घेतो. त्याला ते घर म्हणजेच सगळं जग वाटतं आणि त्या जगावर त्याचं निरतिशय प्रेम आहे. तुम्हाला मात्र पहिल्या काही पानांतच काहीतरी खटकायला लागेल, कारण तो नकळत लिहून गेलेल्या गोष्टी तुम्हाला ओळखीच्या असतील आणि त्याला नसतील. यापुढे सांगत नाही. मागचा मजकूर वाचू नका, परीक्षणं वाचू नका. पात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, सूची नाही, नकाशाही नाही.

वेल्हाळ

अगदी! मीही हेच सुचवणार होते. आणि कोरीपाटी, तो तारखा लिहितो त्या वगळून पुढे जाऊ नका. सुरुवातीला त्या नुसत्या नक्षीसारख्या वाटतात, पण त्यांच्यात बरंच काही आहे.

कोरीपाटी

घेतलं. पहिली काही प्रकरणं झाली. काहीही कळत नाहीये आणि थांबवतही नाहीये. एक विचारू का? त्याच्याकडच्या वस्तू कुठून येतात हे मला कळायला हवं होतं की अजून नाही?

अक्षरप्रवासी

हा प्रश्न तुम्हाला इतक्या लवकर पडला याचा फार आनंद झाला. उत्तर देणार नाही. त्याच्याकडे कोण कोणत्या वस्तू आणून देतं आणि त्यांबद्दल तो काय म्हणतो तेवढं बघत राहा. त्याच्या जुन्या वह्यांपाशी पोचलात की इथे लिहा, तोवर आम्ही कुणीही त्या पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलत नाही. निरगाठ, तुम्ही हिमनदीपर्यंत आलात का?